मशीनला दम नाही

मुंबईचा इतिहास सांगताना आपण गोदीतल्या मोठ्या जहाजांबद्दल बोलतो, गिरण्यांच्या भोंग्यांबद्दल बोलतो, लोकलबद्दल तर बोलतोच. आज मी एका लहान मशीनबद्दल बोलणार आहे. वरळी कोळीवाड्यात किंवा माहीमच्या किनाऱ्यावर लहान होड्यांच्या मागच्या फळीला स्क्रू आवळून जे मशीन टांगलेलं असतं, ते. कागदोपत्री त्याला आउटबोर्ड मोटर म्हणतात. दोरी ओढली की ते सुरू होतं, दांडा फिरवला की होडी वळते, आणि लहान आकाराचं असेल तर काम झाल्यावर खांद्यावर टाकून घरीही नेता येतं.

हे मशीन नवं असतं तेव्हा त्याच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. जुनं झालं की मात्र एक वाक्य किनाऱ्यावर हमखास ऐकू येतं : ‘मशीनला दम नाय.’ मशीन सुरू होतं, आवाज करतं, धूर सोडतं, पण होडी पूर्वीसारखी पाणी कापत नाही. या तक्रारीला इतिहास आहे, आणि तो फारसा कुणी लिहिलेला नाही. इंजिनाची ताकद मुंबईच्या पाण्यात कशी आली याच्या नोंदी सापडतात. ती ताकद कशी निघून जाते आणि कुणी, कसली युक्ती करून परत आणली, याच्या नोंदी सापडत नाहीत.

आधी त्या ‘दम’ शब्दाकडे बघू. मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे शब्दापाशी थोडं रेंगाळणं आलंच. दम हा फारसी शब्द, अर्थ श्वास. मराठीत तो असा मुरला की आपण दम धरतो, दम देतो, दम खातो आणि जिना चढलो की आपल्याला दम लागतो. आपल्या किनाऱ्यावरचे कितीतरी शब्द याच वाटेनं आले आहेत. बंदर फारसी, लंगर फारसी. नाखवा म्हणजे मुळातला नाखुदा, नावेचा धनी. सारंग हा सरहंग, खलाशी हा अरबी खलासवरून आलेला. आमच्या कोकणी मुसलमान घरांत सारंग आणि खलाशी हे हुद्दे आडनावांइतके ओळखीचे, आणि शेजारच्या कोळ्याच्या तोंडीही तेच शब्द. इंजिन आलं तेव्हा त्याच्या भागांची नावं इंग्रजीतून आली : प्लग, पिस्टन, कार्बोरेटर. दुखण्याची नावं मात्र इथल्याच लोकांनी दिली. मशीनला दम नाही, मशीन बसलं, मशीन उचलत नाही, मशीन मिसिंग मारतं. भाग परक्यांचे, आजार आपले!

आता इतिहासाकडे. ताकद कमी पडल्याची मुंबईतली एक जुनी गोष्ट १८३० सालची आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट त्या वर्षी २० मार्चला सुएझकडे निघाली. तिच्यात ८० अश्वशक्तीची दोन इंजिनं होती. बोटीच्या रचनेत कोळशाला जागा होती साधारण साडेपाच दिवसांपुरती, आणि एडनपर्यंतची वाट होती अकरा दिवसांची. मग काय करणार? तळघरात, खोल्यांत, डेकवर, मिळेल तिथे कोळसा कोंबला. बोट पाण्यात खोल बसली, बाजूची चाकं गरजेपेक्षा जास्त बुडाली आणि वेग पडला. एडनला पोचेपर्यंत कोळसा जवळजवळ संपला होता. तिथून पुढे निघून, मुंबईपासूनच्या एकूण महिनाभराच्या प्रवासाअखेर ती सुएझला पोचली. मुंबईची टपाल आगबोटीनं सुएझमार्गे नेता येते हे तिनं सिद्ध केलं, म्हणून इतिहासकार तिचं नाव घेतात. मी तिचं नाव घेतो ते वेगळ्या कारणासाठी. त्या प्रवासात बोट मंद चालली ती इंजिन बिघडलं म्हणून नव्हे. ओझं जास्त होतं. आजच्या जुन्या आउटबोर्डच्या बाबतीतही तपासणी इथूनच सुरू करावी लागते.

याच काळात माझगावात अर्देशीर कर्सेटजी वाडिया नावाचा तरुण वाफेच्या इंजिनानं झपाटलेला होता. १८३३ साली, पंचविशीत, त्यानं ‘इंडस’ नावाची लहान बोट बांधली, पुढे तिच्यात वाफेचं इंजिन बसवलं. १८३४ साली आपल्या माझगावच्या घरात गॅसचे दिवे लावून त्यानं मुंबईला थक्क केलं. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचा फेलो झालेला तो पहिला भारतीय, आणि त्याच साली मुंबईच्या वाफेच्या कारखान्यात मुख्य अभियंता. आपल्या हाताखालच्या गोऱ्या कामगारांना इंजिन समजावून सांगणारा हा माणूस. त्याचं चरित्र लिहिलं गेलं, त्याच्यावर टपाल तिकीटही निघालं. पण त्याच माझगावच्या आणि रे रोडच्या पट्ट्यात पुढच्या दीडशे वर्षांत ज्यांनी हजारो इंजिनांना पुन्हा श्वास दिला, त्यांची नावं कुठल्याच पानावर नाहीत.

होडीच्या मागे टांगायचं मशीन आलं ते विसाव्या शतकाच्या आरंभी. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नॉर्वेहून आलेल्या कुटुंबातला ओले एव्हिनरूड हा कारागीर होता. त्यानं १९०९ साली आपलं मशीन बाजारात आणलं. दीड अश्वशक्ती, वजन साधारण अठ्ठावीस किलो. त्याच्याआधीही काहींनी असे प्रयत्न केले होते, पण धंदा जमला तो याचा, आणि त्यात बायकोचा, बेसचा, हिशेबी हात मोठा होता. जपानी यामाहानं १९६० साली आपलं पहिलं आउटबोर्ड काढलं, त्यानंतर सुझुकी आली. आशियाच्या किनाऱ्यांवर पुढची काही दशकं या जपानी मशीनांची गेली.

मुंबईत मोठ्या बोटींनी वेगळी वाट धरली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत शिडाच्या बोटींत डिझेल इंजिनं बसत गेली. १८७५ साली बांधलेली ससून गोदी आणि भाऊचा धक्का इथे डिझेलच्या बोटी दाटीनं लागू लागल्या. सरकारी कागदावर बोटीची ओळख सिलिंडरवरून ठरू लागली : एक सिलिंडर, दोन सिलिंडर, पार सहा सिलिंडरपर्यंत. पण किनाऱ्यालगत जाळी टाकणाऱ्या लहान होडीला एवढं जड इंजिन पेलत नाही. तिला टांगतं मशीनच बरं. ते पेट्रोल जास्त पितं, खाऱ्या पाण्यात लवकर गंजतं, आणि नवं घ्यायचं तर किंमत छातीत धडकी भरवते. म्हणून ते जुनंच वापरलं जातं. पंधरा वर्षं, वीस वर्षं, कधी त्याहूनही अधिक.

आणि इथे येतो मिस्त्री. दारूखान्यात, रे रोड स्टेशनच्या पलीकडे, मोडीत निघालेल्या जहाजांचे भाग विकले जातात तिथे तरुणपणी मी बराच वेळ घालवला आहे. तिथे दापोलीकडचे एक वयस्कर मिस्त्री होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांच्याकडे आलेल्या कोळ्यांचं बोलणं मी कितीदा तरी ऐकलं.

‘चाचा, मशीनला दम नाय.’

‘मशीन फिरत नाय, का होडी पळत नाय, नाखवा?’

हा प्रश्न नीट ऐका. साऱ्या निदानाची किल्ली त्यात आहे. मशीन जोरात किंचाळतं आणि होडी मात्र जागच्या जागी रेंगाळते, असं असेल तर मशीन निरोगी आहे. दम पंख्यापाशी गळतो आहे. पंख्याच्या मध्यभागी रबराचा बुश असतो, पंखा दगडावर आपटला तर आतला दांडा तुटू नये म्हणून. तो जुना झाला की घसरतो. दांडा फिरतो, पंखा मागे राहतो. चाचा दांड्यावर आणि पंख्यावर खडूची एकच रेघ ओढायचे आणि होडी पाण्यात फिरवून आणायला सांगायचे. परत आल्यावर दोन रेघा एकमेकींसमोर नसल्या की निदान झालं. कधी पंख्याला जाळ्याचा नायलॉन गुंडाळलेला असतो, हल्ली तर प्लास्टिकच्या पिशव्याच जास्त. कधी मशीन फळीवर फार उंच टांगलेलं असतं आणि पंखा पाण्याऐवजी हवा ओढतो.

उलट, हँडल पूर्ण पिळूनही मशीन वर चढतच नसेल, घुसमटल्यासारखं घरघरत असेल, तर दोन शक्यता. एक तर त्याच्यावर ओझं जास्त आहे, नाहीतर ते स्वतःच अशक्त झालं आहे. आधी ओझं बघायचं. होडीच्या तळात पाणी साचलंय का? तळाला शेवाळ आणि शिंपल्यांचा थर चढलाय का? आधीचा पंखा मोडल्यावर बाजारात मिळाला तो मोठ्या आट्याचा पंखा लावलाय का? ‘ह्यू लिंडसे’चंच दुखणं हे, फक्त कोळशाच्या जागी शिंपल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या चेन्नईतल्या प्रकल्पानं १९८६ साली लहान मासेमारी नौकांच्या इंधनखर्चावर एक पुस्तिका काढली. तिचा सल्लाही हाच : तळ स्वच्छ ठेवा, होडीला शोभेल असा पंखा निवडा, मशीन उगाच पिळू नका. चाचांनी ती पुस्तिका पाहिली असण्याची शक्यता नाही.

ओझं नाही म्हटल्यावर मशीनकडे वळायचं, तेही बाहेरून आत. हँडल पूर्ण पिळल्यावर कार्बोरेटरची झडप खरंच पूर्ण उघडते का, हे डोळ्यांनी बघायचं. जुन्या मशीनची तार सैल होते, सांधे झिजतात. हातात पूर्ण रेस, आत मात्र पाऊणच पोचते. पुष्कळ जुन्या मशीनांत त्याच हालचालीनं ठिणगीची वेळही पुढे सरकते. ती सरकली नाही की मशीन कायमचं अर्धवट जागं राहतं.

मग इंधन. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? बंद असेल तर पाचदहा मिनिटं मशीन छान चालतं आणि मग गळपटतं. पुढे नळीतला रबरी फुगा. मशीन मंदावलं असताना तो हातानं दाबत राहायचा. दाबताच मशीनला तरतरी आली तर इंधनाचा पंप थकला आहे, किंवा नळीत कुठेतरी हवा शिरते आहे. फरक पडला नाही तर गाळणी आणि जेट. पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ ठेवायचं. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं.

त्यानंतर ठिणगी. दोन सिलिंडरच्या मशीनमध्ये एक सिलिंडर झोपला तरी मशीन चालू राहतं, म्हणून हे दुखणं फसवं. मशीन बंद करून एका प्लगची वायर काढायची, ती बॉडीला नीट जोडून ठेवायची आणि मशीन सुरू करून बघायचं. मग दुसऱ्या प्लगचं तसंच. ज्याची वायर काढून काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच फुकट बसलेला. काही कॉइल थंड असताना ठणठणीत असतात आणि तापल्यावर दगा देतात. म्हणून चाचांचा दुसरा ठरलेला प्रश्न असायचा : ‘दम निघतानाच नाय, का मागाहून जातो?’ मागाहून जात असेल तर संशय तीन जागी. टाकीची हवा, तापलेली कॉइल आणि थंडाव्याचं पाणी. मशीनच्या बाजूनं पाण्याची बारीक धार पडत असते ती पाहायची. धार क्षीण झाली असेल तर आत मीठ साचलंय किंवा पंपाची रबरी फिरकी झिजली आहे. असं मशीन तापून पिस्टन पकडण्याआधी बंद करावं, किनारा समोर दिसत असला तरी.

सगळ्यात शेवटी कॉम्प्रेशन. दोन्ही प्लग काढायचे, दाब मोजायचा गेज लावायचा, दोरी ओढायची. दोन सिलिंडरांचे आकडे साधारण दहा टक्क्यांच्या आत असावेत. त्याहून फरक असेल तर रिंग गेली, पॅकिंग गेलं किंवा सिलिंडरला ओरखडे पडले. आता खरोखरच मशीनचा दम, म्हणजे श्वास, गेलेला असतो. फारसीतला मूळ अर्थ इथे शब्दशः लागू पडतो. खर्च मोठा तोही इथेच. म्हणूनच ही तपासणी शेवटी. आधीच्या सगळ्या तपासण्या खडू, बाटली आणि दोन हात एवढ्यावर होतात. गरीब माणसाच्या मशीनला त्या क्रमानंच हात लावायचा असतो. मशीन आल्याबरोबर हेड उघडणाऱ्या मिस्त्रीकडे चाचा बघायचेसुद्धा नाहीत.

ही तक्रार सगळ्यात जास्त येते ती ऑगस्टमध्ये, आणि त्यालाही कारण आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मासे वाढावेत म्हणून, आणि पावसाळ्यातल्या समुद्राला कुणी अंगावर घेऊ नये म्हणूनही. दोन महिने मशीन झोपडीत उभं. कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट डिंक राहतो. त्याचा एवढासा कण जेटमध्ये बसला की दम गेला. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि जुन्या मशीनांच्या रबरी नळ्या नि पडदे त्यासाठी बनवलेलेच नव्हते. मे महिन्याच्या अखेरीस इंधनाची नळी काढून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, गोड्या पाण्यानं आतून धुऊन घ्यायचं आणि उभं ठेवायचं. एवढं केलं तरी ऑगस्टचे निम्मे खेटे वाचतात.

सुट्या भागांची कथा वेगळीच. एव्हिनरूडची मूळ कंपनी २००० सालच्या अखेरीस दिवाळखोरीत निघाली, नव्या मालकानं २०२० साली त्या नावाची मशीनं बनवणंच थांबवलं. शंभरहून अधिक वर्षांचं नाव संपलं. मशीनं मात्र जगभर अजून पाण्यात आहेत. त्यांना जिवंत ठेवतात ते जुना भाग पाहून नवा घडवणारे हात.

कागदावर या मशीनची एक नोंद ठळकपणे आहे, आणि ती क्लेश देणारी आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हल्लेखोर कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले ते रबरी होडीतून. तिच्या मागे यामाहाचं आउटबोर्ड होतं. त्यावरचा नंबर खरवडलेला होता, तरी ते मशीन जपानहून पाकिस्तानात गेल्याचं तपासात निष्पन्न झालं. त्यांना उतरताना पाहून पहिल्यांदा हटकलं ते तिथल्या कोळ्यांनी. त्यानंतर किनाऱ्यावर ओळखपत्रं आली, नौकांची नोंदणी कडक झाली, रंग ठरले. मशीनचा नंबर दफ्तरात गेला. मशीनची प्रकृती कोण सांभाळतो, हा रकाना कुठल्याच दफ्तरात नसतो.

कुणी विचारील, एका होडीचा वेग जरा कमी झाला तर बिघडलं काय? वरळीला जाऊन विचारा. सागरी किनारा मार्ग वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडताना क्लीव्हलँड बंदरातून बाहेर पडायच्या वाटेवर खांब येणार होते, दोन खांबांत ६० मीटरचं अंतर ठेवून. कोळ्यांनी काम अडवलं. नकाशावर ६० मीटर भरपूर दिसतात. पण तिथे खडक आहेत, प्रवाह आडवा असतो, वारा फिरतो. ज्याच्या मशीनला दम नाही, त्याला प्रवाह ढकलेल तिकडे जावं लागतं, आणि आता तिकडे खांब असणार. अखेर मधला एक खांब रद्द करून अंतर १२० मीटर झालं, आणि २०२४ साली त्यावर कमानीचे गर्डर बसले. मच्छीमारांची मागणी याहून जास्त अंतराची होती. त्या मागणीत एक साधा हिशेब होता : जुनं मशीन कधीतरी मध्येच बसतं, हे गृहीत धरूनच वाट आखायची.

समुद्रापुढे ताकदीचा हिशेब कसा चालतो हे लालबाग-परळच्या लोकांनी २०२५ साली गिरगाव चौपाटीवर पाहिलं. लालबागचा राजा हे मंडळ १९३४ सालचं, पेरू चाळीजवळच्या बाजारातल्या कोळ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी उभं केलेलं. त्या वर्षी नवा यांत्रिक तराफा आणला होता. भरती चढली, मूर्ती तराफ्यावर घेता येईना, आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी रात्री नऊच्या सुमारास विसर्जन झालं. यंत्र नवं होतं, तरी पाण्याची वेळ पाळावीच लागली.

मत्स्यव्यवसाय खात्याची प्रशिक्षण केंद्रं तरुणांना नौकानयन आणि डिझेल इंजिन शिकवतात, ते चांगलंच आहे. पण खडूच्या रेघेची युक्ती, फुगा दाबून पाहण्याची युक्ती, ‘निघतानाच का मागाहून’ हा प्रश्न, हे सारं तोंडातोंडी चाललं आहे. चाचा आता नाहीत. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दोघे आहेत, तेही साठीला आले. गिरणगावाची गाणी आणि आठवणी आपण निदान काही प्रमाणात ध्वनिमुद्रित केल्या, पण बॉयलरचा आवाज ऐकून दोष सांगणाऱ्या फिटरांना कुणी विचारलं नाही. ते गेले. किनाऱ्यावर अजून विचारायला माणसं आहेत. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात वरळीला, माहीमला, दारूखान्यात मशीनं उघडली जातात. कुणा विद्यार्थ्यानं तेव्हा एक वही आणि एक रेकॉर्डर घेऊन मिस्त्रीशेजारी बसावं, आणि आलेल्या प्रत्येक मशीनची तक्रार, तिचं कारण आणि तिचा उपाय असे तीन रकाने भरावेत. एका हंगामात शंभर ओळी सहज भरतील.